घोडीच्या दाताची खूण

मित्रांनो, मला जुनं म्हणा, वापरलेलं म्हणा, कुणाच्या तरी हातावरून उतरलेलं म्हणा, मला काडीचा राग येणार नाही. मी एक जुनं, किल्लीचं मनगटी घड्याळ आहे. माझ्या पट्ट्याच्या कडीवर एका घोडीच्या दाताची खूण आहे, आणि तिच्यासकट मला माझा अभिमान वाटतो. ती खूण कशी झाली, आणि तिनं माझं कसं भलं केलं, तेच तुम्हांला सांगायचं आहे.

माझा जन्म स्वित्झर्लंडमधल्या एका डोंगरी गावात झाला. तिथे एक बाई होती. माझ्या पोटातली केसाएवढी बारीक स्प्रिंग बसवताना ती श्वास रोखून धरायची. तिचं नाव मला कधीच कळलं नाही, पण माझी टिकटिक आजही सरळ चालते ती तिच्यामुळे. पुढे दूरच्या अल्माती शहरातल्या एका श्रीमंत घोडेवाल्यानं मला विकत घेतलं, आणि दुसऱ्याच दिवशी देऊनही टाकलं. त्याचा लाडका घोडा मरणाच्या दारात होता. बेइसेन नावाच्या गुरांच्या डॉक्टरानं त्याला वाचवलं होतं, म्हणून हे बक्षीस.

बेइसेननं मला हातात घेतलं, पण मनगटावर बांधलं नाही. खिसे चाचपून त्यानं एक नाणं काढलं आणि घोडेवाल्याच्या हातावर ठेवलं.

"हे काय डॉक्टर? लाज काढता माझी?"

"लाज नाही हो. घड्याळ फुकट घेतलं की देणारा आणि घेणारा दुरावतात. मला तुमची मैत्री हवी आहे. म्हणून हे विकत घेतलं."

घोडेवाला पोट धरून हसला. ते दोघे शेवटपर्यंत एकमेकांच्या घरी जेवत राहिले. आमच्या अल्मातीकडे हा रिवाज सगळेच पाळतात.

बेइसेनच्या हातावर माझं आयुष्य सोन्यासारखं गेलं. माझ्या सेकंदकाट्यावर तो घोड्यांची नाडी मोजायचा. असंच एकदा एका अडलेल्या घोडीची नाडी बघत असताना ती चवताळली आणि तिनं कचकन चावा घेतला. दात माझ्या कडीवर आपटला, म्हणून बेइसेनचं मनगट वाचलं. घरी आल्यावर त्याची बायको कुल्याश म्हणाली, "बरं झालं घड्याळ होतं. नाहीतर उद्यापासून घोडीच डॉक्टर झाली असती!" त्या दिवसापासून ती मला पुसल्याशिवाय झोपली नाही.

बेइसेन एक्याण्णव वर्षं जगला. एका सकाळी पणतवंडांच्या गराड्यात चहा प्यायला, "झकास झालाय" म्हणाला, भिंतीला टेकला आणि गेला. असं मरण मागूनही मिळत नाही.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. पिकलं पान असं अलगद गळलं, की त्या माणसाच्या वस्तू लोक आवडीनं मागून नेतात. टोपी, कोट, कमरेचा पट्टा, काहीही. त्या वस्तूला तबारिक म्हणतात. तिच्याबरोबर त्या माणसाचं आयुष्यही आपल्याला मिळतं, अशी श्रद्धा आहे. बेइसेनच्या टोप्या आणि कोट असेच हातोहात गेले. माझ्यावरून मात्र भांडण पेटलं. मी महागाचं! मुलगे, पुतणे, भाचे, सगळ्यांना मी हवं होतं. वर्षश्राद्धाच्या जेवणाआधीच भाऊ भावाशी बोलेनासा झाला. शेवटी कुल्याश उखडली. "टोपीवरून कुणी भांडलं नाही, आणि यावरून भांडता? मग तुम्हांला म्हाताऱ्याचा आशीर्वाद नको, किंमत हवी आहे. कुणालाच मिळणार नाही!" असं म्हणून तिनं मला उचललं आणि थेट दुकानात नेऊन विकलं. त्याच पैशांत वर्षश्राद्धाचं जेवण घातलं.

ते दुकान पाक नावाच्या कारागिराचं. वापरलेली उंची घड्याळं तो विकत घ्यायचा, तपासायचा आणि खात्रीपत्रासह विकायचा. माणूस मोठा चिकाटीचा. त्यानं माझं एकेक चाक सुटं करून धुतलं, तेल घातलं, पाण्याचा दाब देऊन बघितला. उताणं, पालथं, कुशीवर, असं दिवसचे दिवस मला चालवून पाहिलं. कुल्याश एवढंच म्हणाली होती, "बाळा, ती दाताची खूण घासू नकोस." पाकनं घासली नाही. खात्रीपत्रात मात्र इमानदारीनं लिहिलं, 'कडीवर चाव्याची खूण, घोडीची.' पाक, तुझे उपकार मी विसरणार नाही.

गिऱ्हाइकं यायची, खूण बघून नाक मुरडायची. मी काचेच्या कपाटात पडून होतो. मग एके दिवशी कामशात नावाची एक बाई आली. दातांची डॉक्टर. तिनं मला उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाली, "हा वरचा पुढचा दात आहे. वय झालेली घोडी दिसते. दात झिजलेत!"

पाक खुर्चीतून पडायचाच राहिला. तिथेच सौदा झाला. कामशातनं सगळं विचारलं. आतले भाग मूळचेच आहेत का, पाणी शिरेल का, बिघडलं तर दुरुस्त कोण करणार. पण आमच्याकडे जो प्रश्न सगळ्यांत आधी विचारतात, तोच नेमका विसरली.

घड्याळ तिला वडिलांसाठी हवं होतं. जाकिप हा ट्रॉलीबसचा निवृत्त चालक. आमच्याकडे दर बारा वर्षांनी माणसाच्या वाट्याला एक घातवर्ष, म्हणजे जिवाला धोक्याचं वर्ष, येतं. ते टळावं म्हणून माणूस आपली सगळ्यांत लाडकी वस्तू परक्याला देऊन टाकतो. जाकिपचं हृदयाचं ऑपरेशन नेमकं घातवर्षात झालं. घाबरून त्यानं आपलं घड्याळ दिलं. ते त्याच्या दिवंगत बायकोनं दिलेलं होतं. घातवर्ष टळलं, पण माणूस विझला. फिरायला जाईना, कुणाला भेटेना. मोकळ्या मनगटाकडे बघून एकच म्हणायचा, "आता मला कशाला हवी वेळ?" कामशातला वाटायचं, बाबा मरणाची वाट बघत बसले आहेत. ते मनगट पुन्हा भरावं, एवढीच तिची धडपड होती.

तिनं मला त्याच्यासमोर ठेवलं. जाकिपचे डोळे चमकले. हात पुढे आला, आणि तेवढ्यात त्याची थोरली बहीण बागिला कडाडली.

"थांब! कुणाचं होतं हे?"

कामशातनं खात्रीपत्र पुढे केलं.

"नवं नाही ना? मग कुणाचं? जिवंत आहे की मेला? कशानं मेला?"

"आत्या, दुकानानं खात्रीपत्र दिलंय..."

"कागदात मेलेल्याचं दुखणं लिहितात का गं? आधीच याचं काळीज फाटकं, त्यात कुणा अल्पायुषी माणसाचं घड्याळ बांधतेस? दात काढता काढता अक्कलदाढही काढून टाकलीस वाटतं स्वतःची!"

जाकिपचा हात मागे गेला. "राहू दे पोरी," तो म्हणाला. "मला कशाला हवी वेळ?" माझं काळीज, म्हणजे ती बारीक स्प्रिंग, चर्र झालं. मी परत काचेत जायला तयार होतो, पण त्या पोरीचा चेहरा बघवत नव्हता.

कामशातनं तिथूनच पाकला फोन लावला. पाक म्हणाला, "घड्याळातलं सगळं मी सांगू शकतो. हे मात्र मी सांगून उपयोग नाही. ज्यांचं होतं, त्यांनाच विचारतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. दारात कुल्याश! डोक्याला पांढरा रुमाल, हातात गरम बौरसाकची, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, पिशवी. ती आत आली, बसली, मला हातात घेतलं. ती खूण अंगठ्यानं चोळली आणि जुन्या सवयीनं रुमालाच्या टोकानं माझी काच पुसली. मला बोलता आलं असतं, तर मी हंबरडा फोडला असता.

"माझ्या म्हाताऱ्याचं हे," ती म्हणाली. "घोड्यांचा डॉक्टर होता. एक्याण्णव वर्षांचा होऊन गेला. चहा पिता पिता गेला, आणि चहा झकास झालाय म्हणून गेला."

बागिलाच्या हातातला बौरसाक हातातच राहिला. "एक्याण्णव? दुखणं?"

"सर्दीसुद्धा नाही."

"नातवंडं?"

"पणतवंडं म्हणा. अंगणात मावत नाहीत."

"अगं बाई! मग हे तबारिक आहे की!" बागिलानं बौरसाक ताटलीत टाकला आणि माझ्यावर झडप घातली. "जाकिप, तुला नकोच होतं ना? माझ्या धाकट्याला देते. बिचारा सारखा आजारी असतो."

"हात लाव बघू, ताई!" जाकिप गरजला. कितीतरी महिन्यांत त्या घरात असा आवाज निघाला नव्हता. कामशात दचकली, आणि मग हसू लागली.

कुल्याशनं स्वतः मला त्याच्या मनगटावर बांधलं. दोन्ही तळवे पसरून आशीर्वाद दिला, "म्हाताऱ्याचं वय तुम्हांला लागो. माझ्या पोरांना याची किंमत दिसली. तुम्हांला माणूस दिसू दे."

मग जाकिपनं खिसे चाचपले. एक नाणं काढून लेकीच्या तळहातावर ठेवलं आणि तिची मूठ मिटवली. "घे. आता हे मी विकत घेतलं. तू माझ्यापासून दुरावायची नाहीस, आणि मीही एवढ्यात कुठे जात नाही." ऑपरेशनच्या वेळी दातावर दात रोवून उभी राहिलेली ती पोर तेव्हा ढसाढसा रडली.

जाकिपनं मनगट वर केलं आणि वेळ बघितली. "अरे, चार वाजले! चला आजी, तुम्हांला बसपर्यंत पोचवतो. सात नंबरची गाडी आता येईल."

मित्रांनो, जुनी वस्तू घेताना ती जरूर तपासून घ्या. खात्रीपत्र वाचा, पाकसारखा माणूस शोधा. पण ती कुणाची होती, हेही विचारा. आणि पुढे देताना त्या माणसाचं नाव सांगायला विसरू नका. मला दररोज किल्ली लागते, तशी आठवणीलाही लागते. उद्या माझ्याबद्दल कुणी विचारलं, तर आधी बेइसेनचं नाव सांगा, मग जाकिपचं. आणि त्या घोडीला मधेच विसराल, तर माझी शपथ आहे तुम्हांला!