पॅडची एकच जोडी

पद्मजाने वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी माउंटन बाइक घेतली, तेव्हा तिचा नवरा आमोद आठवडाभर हसत होता. "लोकांकडे मुलं गिअरची सायकल मागतात, आमच्याकडे आई मागते," असं त्याने नातेवाइकांना फोन करकरून सांगितलं. मुलगी स्पृहा तेव्हा अकरावीत होती. तीही हसली. सायकल आल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पद्मजा धायरीच्या मागच्या टेकडीवर गेली आणि पहिल्याच उतारावर घायपाताच्या झुडपात पडून, कोपर सोलून घरी आली.

पण तिने सोडलं नाही. पायवाटेवरच्या एकेका दगडाची ओळख करून घेत ती शिकली. टेकडीवरून पाय न टेकता खाली यायला तिला सात महिने लागले. सायकल दुरुस्त करायलाही ती अशीच शिकली. नऱ्ह्याला मोजमापाची उपकरणं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती नोकरीला होती, त्यामुळे मिलिमीटरचा दहावा भाग म्हणजे काय हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. गॅलरीतल्या तुळशीच्या कुंड्या एका बाजूला सरकल्या, तिथे सायकल टांगायचा स्टँड आला, भिंतीवर नट आवळायचे पाने लहानापासून मोठ्यापर्यंत लागले. रविवारी टेकडीवर जाणाऱ्या पंधरा-वीस जणांचा एक ग्रुप होता. अवधूत नावाचा एक उत्साही आर्किटेक्ट तो चालवायचा. त्या ग्रुपमध्ये कुणाचीही सायकल कुरकुरली की लोक म्हणायचे, "पद्मजाताईंना दाखव." ती कान लावायची, चाक एकदा फिरवायची आणि नेमकं काय सैल झालंय ते सांगायची. चार वर्षं तिला हे सुख मिळालं. घर, नोकरी, सासर, माहेर यातलं काहीच ज्यात नाही, असं पूर्ण तिचं एक ठिकाण.

मग आमोदची साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा. चालायचा त्याला कंटाळा. एका रविवारी तो म्हणाला, "तुझी सायकल दे ना जरा, बघू तरी."

तिने दिली. पुढचा ब्रेक कुठला, मागचा कुठला, हे दोनदा सांगितलं. आमोदने मान डोलावली आणि ज्या उतारासाठी तिला सात महिने लागले होते तो उतार तो ओरडत, हसत, एका दमात उतरून गेला. खाली पोचल्यावर वर बघून त्याने हात हलवला. "अगं, काय मजा आली! पुढचा ब्रेक कुठला म्हणालीस?"

पद्मजा हसली. पण तिने परत हात हलवला नाही. पडला असता तर, या काळजीने तसं झालं, असं तिने स्वतःला सांगितलं.

दोन महिन्यांत आमोदची स्वतःची सायकल आली. तिच्यासारखीच, त्याच कंपनीची, कारण सुटे भाग सारखे असले की सोपं जातं असं तिनेच सुचवलं होतं. ग्रुपला आमोद फारच आवडला. तो विमा कंपनीत होता, माणसं कशी जिंकायची हे त्याला उपजत येत होतं. शिवाय उतारावर तो असा जायचा की तरुण पोरं थांबून बघायची. त्याला भीतीच नव्हती. हा अभ्यासाने येणारा गुण नाही, हे पद्मजाला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. आपण वहीत लिहून, मोजून, पडून जे मिळवलं ते या माणसाने येता येता खिशात टाकलं.

एकदा अवधूत सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, घरात एवढा गुरू आहे, उतार शिकून घ्या ना सरांकडून."

"घेते हं," पद्मजा म्हणाली.

सायकली मात्र दोन्ही तीच सांभाळायची. शनिवारी दुपारी आधी त्याची, मग तिची. चेन पुसणं, वंगण घालणं, गिअर लावणं, टायरमधली हवा त्याच्या वजनाच्या हिशेबाने भरणं. रविवारी कुणीतरी म्हणायचं, "सर, काय मख्खन चालते हो तुमची सायकल! आवाज म्हणून नाही."

"पद्मजा करते ना सगळं," आमोद म्हणायचा. इस्त्रीच्या कपड्यांबद्दल बोलावं तसं.

अशी दोन वर्षं गेली. मग अवधूतने जानेवारीसाठी शर्यत ठरवली. खडकवासल्याच्या पलीकडची एक टेकडी, तीन फेऱ्या. पंचेचाळिशीपुढचे पुरुष आधी सुटणार, त्यानंतर वीस मिनिटांनी बायका. पद्मजाने ऑक्टोबरपासून तयारी केली होती. कामावर जायच्या आधी रोज चढ, तोही एकटीने. आमोदने काहीच केलं नाही. तरी ग्रुपवर त्याच्याच नावाची चर्चा. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात तो जेवता जेवता म्हणाला, "तूही आहेस ना गं त्यात?"

शनिवारी दुपारी तिने त्याची सायकल स्टँडवर चढवली आणि मागचा ब्रेक उघडला. आतले पॅड झिजून गेले होते. चाकाच्या चकतीला धरणारा थर कागदाएवढा उरला होता. पुढचे ठीक होते. तिच्या सायकलचे निम्म्याहून जास्त शिल्लक होते. ती लगेच स्कूटरवरून दुकानात गेली. दुकानात त्या मापाची एकच जोडी होती, बाकी माल गुरुवारी येणार होता. ती एक जोडी तिने घेतली, आणि घेतली ती आमोदसाठीच.

घरी आली तर आमोद सोफ्यावर आडवा होता, फोन स्पीकरवर. पलीकडून अवधूत बोलत होता. "सर, उद्या पहिला नंबर तुमचाच. ताईंना सांगा फोटो काढायला खाली थांबा."

आमोद हसला. "तिचा हात स्थिर आहे. चांगला काढेल."

पद्मजा सरळ गॅलरीत गेली. दार लोटून घेतलं. पाना घेतला, आपल्या सायकलचे चांगले पॅड काढले आणि त्या जागी नवी जोडी बसवली. काढलेले पॅड त्याच्या सायकलला लावता आले असते. ते तिने कागदात गुंडाळून खणात ठेवले. त्याची सायकल ती फक्त पुसत बसली. दांडा, चाकं, मुठी, सगळं लख्ख केलं. पडणार नाही तो, ती स्वतःला समजावत होती. पुढचा ब्रेक आहे की. फक्त जरा जपून जावं लागेल. एकदा तरी त्याला जपून जावं लागू दे. आठवा येऊ दे, नववा येऊ दे.

"झाली का गं माझी?" आतून आवाज आला.

"झाली."

सकाळी टेकडीखाली चांगलीच थंडी होती. पुरुषांची शर्यत सुटली. चढाला आमोद मागे होता, पण तेरा-चौदा मिनिटांनी पहिला उतरून आला तो तोच. लोक टाळ्या वाजवत होते, अवधूत नाव घेऊन ओरडत होता. पद्मजाला मात्र टाळ्यांमधून दुसराच आवाज ऐकू आला. बारीक, खरखरीत, पत्र्यावर पत्रा घासावा तसा. आमोद तिच्यासमोरून गेला, तिच्याकडे बघून त्याने डोळा मारला आणि दुसऱ्या फेरीच्या चढाला लागला.

थर संपला होता. आता लोखंडावर लोखंड. उतारात मधे ओढ्याच्या वर एक उजवं वळण होतं, बाहेरच्या बाजूला दोन पुरुष खोल दगडी घळ. ती सरावाला आली तेव्हा त्या वळणावर मागचा ब्रेक पूर्ण दाबूनही तिचं चाक घसरलं होतं.

"बायकांनी रेषेवर या!" अवधूत कर्ण्यावरून म्हणाला.

पद्मजा रेषेवर होती. अंगावर एकतीस नंबर होता. घासण्याचा तो आवाज पहिल्यांदा ऐकून तिला काय वाटलं, हे पुढे तिने कितीतरी दिवस आठवून पाहिलं. आधी बरं वाटलं होतं. मग वळण आठवलं. मग ती रांगेतून बाहेर पडली.

उताराच्या वाटेने उलटं वर जाणं शक्यच नव्हतं, वरून सायकली येत होत्या. बाजूला गावातला मच्छिंद्र झेंडा घेऊन उभा होता. तो ओरडला, "ओ ताई, हिकडं कुठं? रेस तिकडं हाय!"

"माथ्यावर जायचंय. लवकर कुठून जाता येईल?"

"ही गाडीवाट हाय की. पर लई चढ हाय, सायकल न्हाई चढायची!"

ती चढली. मुरमात चाक फिरत होतं, छाती फुटायची वेळ आली, पण तिने पाय टेकला नाही. असा चढ ती आयुष्यात चढली नव्हती. माथ्यावर वाट सपाट होती. तिथे तिने सायकल आडवी घातली आणि उभी राहिली. मिनिटभरात आमोद आला. सगळ्यांच्या पुढे.

"सरक! पद्मजा, सरक!"

ती सरकली नाही. करकरत, घसरत तो तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "काय झालं? स्पृहा ठीक आहे ना?"

"ठीक आहे. तुझे मागचे पॅड संपलेत. उतरू नकोस."

"पण काल तू..."

"काल मी खोटं बोलले. नवी जोडी आणली होती, ती माझ्या सायकलला लावली. माझी जुनी चांगली होती, तीही तुला दिली नाही."

मागचा एक जण त्यांना वळसा घालून उतारात शिरला. मग दुसरा. आमोदने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"का?"

"तू माझ्यापेक्षा चांगली चालवतोस म्हणून."

इतक्या दिवसांत हे वाक्य तिने मनातसुद्धा पूर्ण म्हटलं नव्हतं. आमोद बाजूच्या दगडावर बसला. हेल्मेट काढून हातात धरलं. "मी पडलो असतो तर?"

"म्हणून तर धावत आले."

"तू आवाज ऐकलास म्हणून आलीस. ऐकू आला नसता तर?"

पद्मजाने आपली आडवी सायकल उचलून उभी केली.

दोघं सायकली हातात धरून खाली आले. अवधूत धावत पुढे आला. "काय झालं सर? आणि ताई, तुमची शर्यत सुटली की!"

"ब्रेक गेला होता माझा," आमोद म्हणाला. "हिने थांबवलं."

"नुसत्या आवाजावरून ओळखलंत?" अवधूत ओरडलाच. "आपली शर्यत सोडून? ताई, कमाल आहे तुमची!" आणि त्याने टाळ्या वाजवल्या, त्याचं बघून सगळ्यांनीच वाजवल्या. दोन वर्षं ज्या टाळ्यांसाठी ती जळत होती त्या एकदाच्या तिच्या वाट्याला आल्या होत्या. आमोद तिच्याकडे पाहत होता. पद्मजाने मान खाली घातली आणि कुणीतरी पुढे केलेला चहा घेतला.

चार दिवस आमोद तिच्याशी कामापुरतं बोलला. गुरुवारी तो स्वतः दुकानात जाऊन पॅड घेऊन आला आणि गॅलरीत मांडी घालून बसला. "कुठला पाना?"

तिने दाखवला. त्याने पॅड आधी उलटे बसवले, मग वंगणाचे हात चकतीला लावले. तिने चकती पुसायला स्पिरिटची बाटली पुढे सरकवली, पण हात लावला नाही.

"जिंकायचं होतं तर मला सांगायचंस," तो खाली बघत म्हणाला. "मी उतरलोच नसतो."

"मला जिंकायचं नव्हतं. तू हरायला हवा होतास."

"त्यात काय फरक आहे?"

"खूप आहे."

तो बराच वेळ स्क्रूशी झटत राहिला. मग म्हणाला, "मला वाटायचं तुला आवडतं माझी सायकल करायला."

"आवडायचं. पहिले तीन महिने."

"मग आता मी करत जाईन माझी."

पुढच्या रविवारी तिने अवधूतला आणि ग्रुपला खरं काय ते सांगितलं. टेकडीवर, सगळे पाणी पीत असताना, तीन-चार वाक्यांत. अवधूत बाटलीचं झाकण लावत राहिला. त्यानंतर बऱ्याच जणांनी सायकली तिला दाखवायचं बंद केलं. दोन-तीन महिने तर कुणीच आलं नाही. कुणी उद्धटपणे वागलं नाही, नुसतं विचारेनासे झाले. तिला ते लागलं. पण तक्रार करायला तोंड नव्हतं, आणि यायचंही तिने थांबवलं नाही.

एप्रिलच्या एका सकाळी दोघंच टेकडीवर होते. आमोद एका मोठ्या दगडी टप्प्यावरून सुळकन खाली गेला. पद्मजा वर थबकली, उतरली, सायकल हाताने खाली घेऊन आली. तीच जळफळ. ती कुठे गेली नव्हती.

"त्या टप्प्यावर तू ब्रेक कुठे सोडतोस?" तिने विचारलं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

आमोद विचारात पडला. "मी काही करत नाही गं. नुसता जातो."

"हेच. हेच ऐकलं की डोकं फिरतं माझं!"

तो हसला. तिला हसायचं नव्हतं, तरी थोडं हसू आलंच.

"खरंच माहीत नाही मला," तो म्हणाला. "तूच बघ आणि सांग, मी काय करतो ते."

"चल मग. परत वर चढ. आणि या वेळी हळू."

तो सायकल ढकलत वर गेला. पद्मजा टप्प्याच्या बाजूला उन्हात उकिडवी बसली आणि त्याच्या दोन्ही हातांच्या बोटांवर नजर लावून वाट बघू लागली.