तंबोरा ऐकू आला पाहिजे

सपनानं विचारलं तेव्हा मी गोदामात ताडपत्र्यांच्या घड्या घालत होतो.

"बाबा, आईच्या स्मृतिदिनाले आमचा बँड वाजवला तं चालते काय? आईचाच मालकंस गाईन मी. संगतीले गिटार अन् ड्रम."

सपना माझी एकुलती एक मुलगी. अमरावतीला नोकरी करते आणि सुटीच्या दिवशी हेवी मेटल गाते. ते मी एकदा तिच्या मोबाईलवर ऐकलं होतं. मळणीयंत्रात दगड गेल्यावर येतो तसा आवाज, आणि त्यावर माझी पोरगी ओरडत होती. वैजयंती, माझी बायको, हसून म्हणाली होती, "सुरात वरडून राह्यली ना? मंग वरडू द्या."

वैजयंती मंगरूळपीरच्या शाळेत गाणं शिकवायची. मालकंस रात्रीचा राग, पण ती दुपारी भांडी आवरल्यावर गायची. कुणी टोकलं तर म्हणायची, "रातच्याले हे घोरतात. मंग ऐकन कोण?" गेल्या वर्षी ती गेली. तेव्हापासून तिचा तंबोरा गवसणीत होता.

"वाजवा," मी म्हणालो. "पण आईचा तंबोरा लावाचा. अन् तो ऐकू आला पाह्यजे. नाही आला तं मी तिथंच बंद करीन."

रविवारी तालमीला करण आणि पवन टेम्पोत सामान घालून आले. करणची गिटार, पवनचे ड्रम, कपाटाएवढे स्पीकर. वैजयंतीची विद्यार्थिनी रूपाली हिनं गवसणी काढली आणि तंबोरा जुळवला. त्या तारा वाजल्या तसा मी बाहेर जाऊन उगाच टेम्पोच्या चाकाकडे बघत उभा राहिलो.

मग आतून बँड सुरू झाला. गोदामाचे टिनपत्रे थरथरले, छपरातली कबुतरं एकदम उडाली. मी पळत आत गेलो. गिटारीतून मालकंसच निघत होता, पण केवढा! आपल्या घरातल्या माणसाला अचानक डोंगराएवढं झालेलं बघावं तसं वाटलं. खरं सांगतो, मला आवडलं.

पण रूपालीची बोटं तंबोऱ्यावर फिरत होती आणि त्याचा आवाज काही येत नव्हता.

वैजयंतीचे थोरले भाऊ दौलतराव अनसिंगहून आले होते. ते खुर्चीतून म्हणाले, "तंबोरा काय फोटोले ठेवला काय वो?"

तंबोऱ्याजवळ माईक आणून ठेवला. तरी नाही. करणनं गिटारीचा आवाज उतरवला, तर सगळंच मिळमिळीत झालं. "काका, याच्याहून कमी केलं तं भजनी मंडळ होते," तो म्हणाला.

"जवाई, बंद करा हे," दौलतराव उठले. "माह्या बहिणीची टिंगल होऊन राह्यली."

सपनाचा चेहरा उतरला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा बाबा. ताल बी कुठंतरी चुकून राह्यला. आई गाये तवा असं जड नव्हतं वाटत. तिले ताल तुमीच देत होते ना? द्या बरं."

सपना आईसमोर शिकायला कधी बसली नाही. हे गाणं तिनं येता-जाता ऐकून उचललं होतं. आणि घरी तबलजी नसल्यामुळे वैजयंतीनं मला एकच ताल हातावर शिकवला होता, सात मात्रांचा रूपक. मी पोत्यावर बसलो. वर्षभरानं हात उचलला. सपना गाऊ लागली. तिची ओळ समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर आली, माझा हात हवेत गेला आणि तिथंच राहिला. चौथ्या मात्रेला टाळी, सहाव्या मात्रेला टाळी, परत हात हवेत.

पवन ड्रममागून उठून उभा राहिला. "काका, तिची ओळ येऊन पडते तिथं तुमी टाळी काहून नाही देत? तिथंच तं मोठा ठोका पाह्यजे."

"रूपकात तिथं खाली असते, बिनटाळीची जागा. सम हाय, पण मारत नाही. पहिल्या तीन मात्रा मोकळ्या. वैजयंती म्हणे, तुमचा हात लय जड, तुमाले हाच ताल बरा."

"अन् आमी नेमके तिथंच सगळ्यात जोरात हाणून राह्यलो!" पवननं कपाळावर हात मारला. मग करणकडे बघितलं. करणही त्याच्याकडे बघत होता.

"तीन मात्रा सगळेच बंद," करण म्हणाला. "एकदम. चौथ्यावर पडू."

पुन्हा घेतलं. आवाज चढत गेला, पत्रे थरथरले, सपनाची ओळ समेवर आली आणि करणनं तारांवर पंजा दाबला, पवनच्या काड्या वरच राहिल्या. सपनाचा एक लांब सूर, आणि त्याच्याखाली तंबोरा! स्वच्छ, जवळ, दुपारच्या घरात यायचा तसा. चौथ्या मात्रेला दोघं असे कोसळले की मी पोत्यावरून उडी मारून उठलो.

"परत! परत घ्या रे!"

दौलतराव परत खुर्चीत बसले.

स्मृतिदिनाच्या संध्याकाळी गोदामासमोर मंडप भरला. वैजयंतीच्या किती विद्यार्थिनी आल्या, काही तर कडेवर लेकरं घेऊन. पहिल्या खालीला लोकांना वाटलं, गिटारीचा स्पीकर गेला. मागून कुणीतरी ओरडलंसुद्धा, "अबे फ्यूज पाहा!" दुसऱ्या खालीला सगळे गप्प झाले. तिसऱ्या खालीला त्या विद्यार्थिनींचे हात आपोआप हवेत गेले, आणि त्यांचं बघून पोरासोरांचेही.

दौलतराव माझ्या शेजारी होते. जोशात येऊन त्यांनी नेमकी खालीवर टाळी मारायला हात उचलले. मी त्यांचं मनगट धरलं. "भाऊ, इथं नाही मारत."

"समजलं, समजलं," ते पुटपुटले. "बोलू नका, ऐकू द्या."

त्यांचा हात तसाच वर, माझाही. मधे तंबोरा चालू होता. मग चौथी मात्रा आली आणि मंडपभर टाळी पडली.