कुठली खोरा?

पासष्टाव्या वर्षी आठ दिवसांत पाच बेटं पालथी घालायची, हे अर्जीरोबाईंनी एकटीनेच ठरवलं आणि नणंद लेमोनियाला ओढत पिरेअस बंदरात बोटीत चढवलं. किथनोस झालं, आज सेरिफोस. आणि आजचाच दिवस मोठा! भाचीच्या, म्हणजे मेल्पोच्या, तान्ह्या लेकीचा बाप्तिस्मा, आणि धर्ममाता कोण, तर अर्जीरोबाई. पांढरा झगा, तेल, सोन्याचा क्रूस, सगळं त्यांच्या पिशवीत. "शनिवारी पाचला, खोराला, मरियामातेच्या चर्चमध्ये," असं मेल्पोने फोनवर कळवलं होतं. तिचं सासर सेरिफोसचं. मग विचारायचं काय त्यात?

भर दुपारी, घामाने निथळत दोघी खोराच्या पायऱ्या चढल्या. चर्चला कुलूप. पायऱ्यांना चुना लावणारी बाई म्हणाली, या आठवड्यात इथे बाप्तिस्मा नाही. खोरा म्हणजे बेटावरचं मुख्य गाव, बेटागणिक एक आहे, तुम्हाला कुठली हवी?

अर्जीरोबाईंनी घाईघाईने मेल्पोला फोन लावला.

"मावशी," मेल्पो म्हणाली, "माझी आई खोरा म्हणायची ती कुठली गं?"

अर्जीरोबाई पायरीवर बसल्या. फोलेगांद्रोस बेटावरची! त्यांचं आणि मेल्पोच्या आईचं, दोघी बहिणींचं, जन्मगाव. आठ वर्षांपूर्वी तिथे बहिणीला, अनेझीनाला, मातीत ठेवलं, त्यानंतर यांनी त्या बेटावर पाऊल टाकलं नव्हतं. ठरवलेल्या पाच बेटांतूनही नेमकं तेच वगळलं होतं. मेल्पो त्या दिवशी फोनवर काय म्हणत होती ते कळलं नव्हतं असं नाही, कळून घ्यायचंच नव्हतं.

"वहिनी, रडायचं ते बोटीत रडा," लेमोनिया म्हणाली. "दोनची बोट आहे. उठा."

मग काय, चपला हातात घेऊन दोघी पायऱ्या उतरल्या, तेही कशा, तर बकऱ्यांसारख्या. बोटीची फळी वर जायला लागली होती. लेमोनियाने खलाशाला ठणकावलं, ही धर्ममाता आहे, हिच्यावाचून पोरगी बिननावाची राहील. तो हसला आणि फळी पुन्हा खाली आली.

डोंगरमाथ्यावरचं पांढरं चर्च लांबूनच दिसलं तेव्हा अर्जीरोबाईंनी पिशवी छातीशी घट्ट धरली. भीती होतीच, पण आता तिच्याहून घाई मोठी होती. नागमोडी वाट त्या कशा चढल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. वर पोचेपर्यंत साडेपाच झाले होते. दुसरी धर्ममाता उभी करा म्हणून सासरची माणसं कुरकुरत होती आणि मावशीच हवी म्हणून मेल्पो दारात ठाण मांडून बसली होती.

पाद्रीबाबांनी मुलीचं नाव विचारलं. ते धर्ममातेनेच तीनदा उच्चारायचं.

"अनेझीना," धापा टाकत त्या म्हणाल्या. आवाज जेमतेम फुटला. दुसऱ्यांदा जरा बरा निघाला. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी अशी हाक मारली, जशी लहानपणी बहिणीला जेवायला बोलावताना मारायच्या, पार खालच्या गल्लीपर्यंत जाणारी.

पोरीने दचकून टाहो फोडला.

"आले गं बाई, आले," म्हणत अर्जीरोबाईंनी तिला उचलून घेतलं.