साठ सेंटिमीटरचा दरवाजा

मित्रांनो, मी एक चाकांची खुर्ची आहे. जुनी आहे, आणि दुकानात मिळणाऱ्या कोणत्याही मोठ्या माणसाच्या खुर्चीपेक्षा अरुंद आहे. जन्मतः मी अशी नव्हते. अशी का झाले, ते सांगते.

पत्र्याच्या छपराच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे नळ्या वाकवणारे एक काका होते. सांधा जोडून झाला की ते त्यावरून अंगठा फिरवत, आणि जरा खरखर लागली की पुन्हा कानस हातात घेत. शेजारच्या कामगाराला ते एकदा म्हणाले होते की हिच्यावर बसणाऱ्याला काही टोचले, तर ओरडण्याइतकी ताकद त्याच्यात असेलच असे नाही. माझ्या अंगात एकही बोचरी कड नाही ती त्यांच्यामुळे.

पुढची सहा वर्षे मी एका दवाखान्यात काढली. फाटकापासून खाटेपर्यंत आणि खाटेपासून फाटकापर्यंत, एवढेच माझे जग. माणसे माझ्यावर दहा मिनिटे बसत आणि मला विसरून जात. फक्त एक परिचारिका रोज माझी चाके पुसायची आणि म्हणायची, "ही कधी कुरकुरत नाही." तेवढ्या कौतुकावर माझे दिवस छान जात. मग नव्या खुर्च्या आल्या आणि मी लिफ्टशेजारच्या कोपऱ्यात गेले. लिफ्ट दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाने मला तिथे पाहिले. त्याने माझी चाके फिरवून बघितली, मला घडी घालून उघडून पाहिले, आणि दवाखान्याच्या मोठ्या बाईंकडे जाऊन मला मागून घेतले. बायकोसाठी हवी आहे, एवढेच तो म्हणाला.

त्याच्या घरात दोन मुली होत्या. थोरली अकरा वर्षांची, तिला सगळे ताई म्हणत. धाकटी सहा वर्षांची, ती चिमणी. त्यांची आई शाळेत भूगोल शिकवायची. तेरा वर्षे तिने फळ्यावर महासागर काढले होते, पण स्वतः समुद्र कधी पाहिला नव्हता. दर सुट्टीत काही ना काही आडवे यायचे. आता तिच्या स्नायूंमधले बळ हळूहळू ओसरत चालले होते. आधी खडू हातातून सुटू लागला, मग पाय लटपटू लागले. मी घरात आले तेव्हा ती माझी चाके स्वतः फिरवत स्वयंपाकघरात जायची आणि चिमणी मागून पळत यायची. त्या घरात मला कोणी खुर्ची म्हणत नसे. "आईची गाडी" म्हणत. मित्रांनो, मला आयुष्यात मिळालेले एकमेव नाव ते.

वर्षभराने डॉक्टरांनी सांगितले की आता आजार श्वासाकडे वळला आहे. झोपताना नाकावर यंत्र लावावे लागेल. प्रवास करायचा असेल तर येत्या चार महिन्यांत करा, पुढच्या वर्षाचे आत्ता बोलू नका. घरी येताना बाबांनी मला इतके सावकाश ढकलले की मागचे लोक वैतागले.

आईने मुलींना जहाजाची सहल कबूल केली होती. दुसऱ्या दिवसापासून बाबा त्याच्या मागे लागले. ट्रॅव्हलवाल्या बाईंनी तीन क्रूझ कंपन्यांच्या पुस्तिका दिल्या. ताईने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रकाने आखले आणि ते कपाटाला चिकटवले. आधी त्या रकान्यांत गमतीच होत्या. घसरगुंडी आहे का, पोहण्याचे तलाव किती, मुलांना सांभाळणाऱ्या ताया किती वाजेपर्यंत असतात. पहिले जहाज म्हणजे तरंगते गावच होते. तीन घसरगुंड्या, दोन नाट्यगृहे, मुलांसाठी अख्खा एक मजला. चिमणीने त्याच्यापुढे तिला येत होत्या तेवढ्या चांदण्या काढल्या.

मग बाबांनी खाली नवे रकाने जोडले. खुर्ची आत जाते का. पलंगाजवळ यंत्र लावायला प्लग आहे का. डॉक्टर आहे का. आणि चांदण्या एकेक करून फिक्या पडू लागल्या. पहिल्या जहाजावर रुंद दरवाज्याच्या आठच खोल्या होत्या आणि त्या दीड वर्षासाठी भरलेल्या होत्या. बाबा रोज फोन करत, कुणी खोली सोडली का विचारत. पलीकडून रोज तोच गोड आवाज तेच उत्तर देई. दुसऱ्या कंपनीने तीन फॉर्म भरून घेतले, डॉक्टरांची दोन पत्रे मागवली आणि बावीस दिवसांनी कळवले की श्वासाचे यंत्र लागणारे प्रवासी आम्ही घेत नाही. त्या बावीस दिवसांत आईचा उजवा हात मांडीवरून उचलेनासा झाला.

राहिले तिसरे. ते लहान होते, जुने होते. त्यावर घसरगुंडी नव्हती. मुलांची खोली म्हणजे एक टेबल, रंगपेट्या आणि खेळांचे एक कपाट. पण डॉक्टर होता, प्लग होता आणि कंपनी न्यायला तयार होती. फक्त खोलीचा दरवाजा साठ सेंटिमीटरचा होता. बाबांनी टेप आणून मला मोजले. मी सहासष्ट भरले. त्यांनी पुन्हा मोजले, आणि मग तिसऱ्यांदा, जणू मी दया येऊन अंग आक्रसून घेणार होते. मित्रांनो, मला जमले असते तर मी घेतलेही असते.

त्या दुपारी आई बोलली. तिला आता तीन-चार शब्दांनंतर थांबावे लागे.

"मला नेणारं जहाज शोधू नकोस," ती म्हणाली. "मुलींना सांभाळणारं शोध. पहिलंच घे. तुम्ही तिघं जा."

बाबा म्हणाले, "तुझ्याशिवाय आम्ही तिथे काय बघायचं?"

"तीच सवय करायची आहे," आई म्हणाली.

बाबा उठून खिडकीशी गेले. त्यांनी दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरले. आईचे रडणे फक्त मलाच कळले, कारण तिच्या पाठीचा हुंदका माझ्या कापडाला लागत होता.

मुली दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते. ताई कपाटाशी गेली. सगळ्या रकान्यांच्या वर तिने एक नवा रकाना आखला आणि त्यात 'आई' असे लिहिले. पहिल्या जहाजापुढे तिने फुली मारली, दुसऱ्यापुढे फुली मारली आणि तिसऱ्यापुढे काहीच न लिहिता ती बाबांकडे बघत राहिली. चिमणी आईच्या गुडघ्याला टेकून म्हणाली, "घसरगुंडी बागेतपण आहे."

बाबांनी हत्यारांची पेटी काढली. माझ्या चाकांना बाहेरून एक कडी असते, ती धरून बसणारा स्वतः चाक फिरवतो. ती काढली तर पाच सेंटिमीटर कमी होणार होते. पण ती काढायची म्हणजे आई पुन्हा कधी स्वतःहून हलणार नाही, हे कबूल करायचे. पाना हातात धरून बाबा नुसते बसून राहिले.

"काढ," आई म्हणाली. "माझे हात आता तिथवर पोचत नाहीत."

कड्या निघाल्या. तरी मी एकसष्ट होते. मग त्यांनी माझे आडवे दांडे करवतीने कापले, ओळखीच्या वेल्डरकडून जोडून आणले आणि बैठकीचे कापड स्वतः शिवले. मी छप्पन झाले. आईला उचलून माझ्यात बसवले तेव्हा ती अलगद मावली. त्या वेळी कोणीही आनंदाने ओरडले नाही. ती किती वाळली आहे, ते सगळ्यांना एकदम दिसले.

आम्ही गेलो. त्या दरवाज्यातून जाताना दोन्ही बाजूंना एकेक बोटच जागा होती. बाबांच्या बोटांची सालटे निघाली, पण मी आत गेले. दोन दिवस, मित्रांनो, पूर्ण दोन दिवस आई डेकवर बसली. मुली तिच्या दोन्ही बाजूंना. पहिल्या सकाळी ती पाण्याकडे बघत होती. मग ताईला म्हणाली, "तेरा वर्षं मुलांना चुकीचं सांगितलं. नुसता निळा नसतो." त्यावर तिघींनी मिळून समुद्राचे रंग मोजले. चिमणीने चौदा सांगितले. त्यातला एक कढीचा होता म्हणे, आणि आई हसली. हसताना तिला धाप लागली, तरी ती हसली.

तिसऱ्या दिवशी आईचा श्वास अडू लागला. जहाजाच्या डॉक्टरांनी जवळच्या बंदरावर निरोप धाडला. आम्हाला तिथे उतरवले. जहाज उरलेली सहल करायला आमच्याशिवाय निघून गेले. घरी परतल्यावर सहाव्या आठवड्यात आई गेली. बाबा अजून स्वतःला विचारतात की तिला नेले नसते तर ती आणखी जगली असती का. मला त्याचे उत्तर माहीत नाही. ती त्या दोन दिवसांत माझ्यावर कशी बसली होती, एवढे मात्र मला माहीत आहे. तिने पाठ सैल सोडली होती. एरवी ती कधीच सोडत नसे.

आता मी त्यांच्याच इमारतीच्या जिन्याखाली असते. माझ्या टायरांतली हवा गेली आहे, दांड्यांच्या नव्या जोडांवर गंज चढतो आहे. मला त्याचे फारसे दुःख नाही. दुःख वेगळेच आहे. दुसऱ्या मजल्यावर सात वर्षांची एक मुलगी राहायला आली आहे. तिचे पाय चालत नाहीत. रोज सकाळी तिचे आजोबा तिला कडेवर घेऊन माझ्या डोक्यावरचा जिना उतरतात, आणि दर चार पायऱ्यांवर थांबतात. तिला घेतलेली खुर्ची मोठी होते, ती त्यात एका बाजूला घसरते. मी तिला बरोबर होईन.

आजोबा मला मागायला आले होते. बाबांनी मला बाहेर काढून पुसलेही. पण ताई येऊन माझ्यावर बसली आणि तिने दोन्ही हातांनी माझी चाके घट्ट धरली. बाबांनी आजोबांपुढे हात जोडले. आजोबा समजूतदार. ते म्हणाले, "राहू दे, पोरी." आणि जिना चढून गेले.

मित्रांनो, तुमच्या घरातही गेलेल्या माणसाची एखादी वस्तू अशी धरून ठेवलेली असेल. जपणे म्हणजे कुलपात घालणे नव्हे. वस्तू कामात राहिली तरच ती जपली जाते. मला ओरडता येत नाही, ताईपाशी जाता येत नाही. तिचा राग नाही मला, तिने जे धरले होते ते चाक नव्हतेच. पण तुमच्यापैकी कोणी तिच्या शाळेत असेल, तिच्या बाकावर बसत असेल, तर तिला एवढे सांगा. मला देऊन टाकले म्हणजे आईला देऊन टाकले असे होत नाही. आणि जरा लवकर सांगा. ती दुसऱ्या मजल्यावरची मुलगी वाढते आहे.