तोंड बाहेर

समोरची खोली पाहुण्यांनी भरली होती आणि काय बोलायचं ते धाकटीला अजून सुचत नव्हतं. बाबा गेले त्याला महिना झाला होता. नव्वदी गाठून, झोपेत, कुणाला त्रास न देता. आज त्यांच्या आठवणींसाठी सगळे जमणार म्हटल्यावर दादाने परस्पर ठरवून टाकलं होतं, "बाबांच्या लढाईबद्दल धाकटी बोलेल. तिचीच त्यांच्याशी गट्टी."

गट्टी होती, पण लढाईबद्दल बाबांनी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. फौजेत ट्रक चालवायचे, एवढंच घरात ठाऊक. खोदून विचारलं तर म्हणायचे, "खड्डे फार होते." झाली लढाई. ज्यांच्या खांद्यावर बसून आपण मोठे झालो, त्यांना आपण ओळखतच नव्हतो की काय, ही बोच तिला सकाळपासून लागली होती.

ती स्वयंपाकघरात गेली. आई चहा गाळत होती. स्टुलावर पानाकाका बसले होते. बाबांच्या तुकडीतले मेकॅनिक. हातात कायम पाना, म्हणून हे नाव.

"काका, बाबांनी लढाईत केलं काय हो?"

"घोरला. असा घोरायचा, की शत्रूला वाटावं रणगाडे आले."

"चेष्टा नको ना! मला बोलायचंय."

तेवढ्यात बाहेर गाडीचा आवाज आला आणि दादा आणि आत्या एका सुरात ओरडले, "तोंड बाहेर!"

दादाचा नवा जावई गाडी सरळ आत घालून उतरायला निघाला होता. बिचारा पुन्हा आत बसला आणि मागेपुढे करू लागला. या घरात गाडी उलटी आत घ्यायची, तोंड रस्त्याकडे. सायकलसुद्धा. चपलासुद्धा.

"लग्न करून मला आणलं तेव्हाही तेच," आई म्हणाली. "दारात सगळे ताटकळलेत आणि हे आपले गाडी वळवतायत. मला वाटलं, पसंत पडले नाही तर लगेच परत पोचवायची तयारी!"

पानाकाका हसता हसता खोकले. मग कप खाली ठेवला. "वहिनी, ती खोड तिकडची. जखमींना ट्रकमधून इस्पितळात न्यायचं काम, आणि ते कधीही यायचे. एकदा अरुंद वाटेवर ट्रक वळवण्यातच वेळ गेला आणि आतला पोरगा वाटेत दगावला. ट्रक याचा नव्हता. पण त्यानंतर कितीही दमला, तरी हा आधी ट्रक वळवायचा, मग जेवायचा. त्यामुळे बरेच जण वेळेवर पोचले. त्यातला एक तुमच्यासमोर चहा पितोय."

आईची गाळणी हातातच राहिली. "आणि मी जन्मभर खूळ म्हणत आले."

"खूळच ते. पण कामाचं."

धाकटीला लहानपणीचा दमा आठवला. छाती भरून यायची, बाबा तिला उचलून मागच्या सीटवर टाकायचे आणि गाडी सरळ फाटकाबाहेर पडायची. एकदाही मागे घ्यावी लागली नव्हती. तिला ते कधी नवलाचं वाटलंच नव्हतं.

तिने आईच्या हातातला ट्रे घेतला आणि समोरच्या खोलीत गेली. अंगणात गाड्या ओळीने उभ्या होत्या. जावयाची जरा तिरकी, पण तोंड बाहेर.

"बाबांची लढाई सांगते," ती म्हणाली. "पण आधी सगळ्यांनी खिडकीतून बाहेर बघा."