पालथ्या हंडीतला मत्सर

डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीची रांग मोडून माणसं एका कुंडीभोवती जमली होती. कडा करपून गेलेल्या रोपाला तीन आठवड्यांत कोवळं, लुसलुशीत पान फुटलं होतं. रोपावर डॉक्टरीणबाईंनी बोलावलेल्या महाराजांनी काचेची हंडी पालथी घातली होती, तिच्याभोवती लाल दोरा.

“पानाची कड जळते ती कुणाच्या तरी जळफळाटाने!” महाराज हात नाचवत सांगत होते. “हवेत मत्सर तरंगतो. ही हंडी त्याला आत शिरू देत नाही.”

डॉक्टरीणबाई हात जोडून उभ्या. सिस्टरचं मात्र डोकं भणभणलं. महाराजांनी मत्सराला चेहराही देऊन टाकला होता, झाडांना पाणी घालणाऱ्या मावशींचा. अकरा वर्षं इथली फरशीही पुसणाऱ्या या मावशींना ‘सध्या येऊ नका’ म्हणून घरी बसवलं होतं.

“मॅडम, एसी हवेतला ओलावा ओढून घेतो. ही दमट जंगलातली झाडं,” सिस्टरने तीनदा सांगून पाहिलं.

“सिस्टर, तुम्ही पेशंटना थेंब घाला,” तिन्ही वेळा उत्तर आलं.

शेवटी तिने आतल्या खोलीतल्या तशाच करपलेल्या कुंडीवर साधी प्लॅस्टिकची पिशवी चढवली. ना दोरा, ना मंत्र. दुपारच्या सुट्टीत मावशींना बोलावून पाणीही त्यांच्याच हातून घालून घेतलं. तिथेही पान उलगडलं.

ती कुंडी आज तिने सगळ्यांसमोर आणून आदळली. हवेतला ओलावा मोजायचं छोटं यंत्र टेबलावर ठेवलं. आकडा अठ्ठावीस टक्के. मग ते हंडीखाली सरकवलं. बघता बघता ऐंशी!

“मातीतून, पानांतून उडालेलं पाणी आत कोंडून राहतं, म्हणून झाड तगतं. यात मत्सर कुठे आला?”

“यंत्राला श्रद्धा मोजता येत नाही, बेटी.”

“पिशवीला तर मंत्रही लागला नाही. आणि पाणी मावशींनी घातलंय.”

रांगेतले एक आजोबा खो खो हसले. महाराजांना अचानक दुसरीकडचं बोलावणं आठवलं.

डॉक्टरीणबाईंनी घाईने फोन लावला. “मावशी, उद्यापासून या. झाडं बरी झाली, तुमचा काही दोष नव्हता.”

“आणि झाली नसती तर?” पलीकडून मावशींनी विचारलं.

“माझंच चुकलं,” डॉक्टरीणबाई पुटपुटल्या.

सिस्टरने कुंड्या एसीच्या झोतातून हलवून एकमेकींना खेटून मांडल्या आणि ती रांगेकडे वळली. “पान करपलं तर हवा बघा, पाणी बघा, माती बघा. कुणाच्या नजरेवर खापर फोडू नका. डोळ्यांतून बाहेर काही जात नाही हो! उजेड तेवढा आत येतो.”