गुणगुणणारी अक्कलदाढ

बसा टेकून, पाय पसरा खुशाल. एका अक्कलदाढेची गोष्ट सांगतो. हसताय काय, ऐका तर.

एक दातवाले डॉक्टर होते. ज्या पोरांकडं जन्माचा कागद नाही, त्यांच्या दातांचे एक्स-रे बघून वयाचा अंदाज सांगायचे. पोराला मात्र भेटायचे नाहीत. चेहरा बघितला की माया सुटते आणि हात गडबडतो, असं त्यांचं म्हणणं. अंधाऱ्या खोलीत, उजेडाच्या पाटीवर फिल्म लावायची आणि बघत बसायचं. बघता बघता तो जबडा पाण्याखालचं गाव व्हायचा. वर दातांची घरं, खाली मुळं, आणि कोपऱ्यात अक्कलदाढ, गाढ झोपलेली.

एक दिवस एका पोरीची फिल्म आली; कोर्टाला तिचं वय हवं होतं. अठरा भरली असतील तर मोठ्या बायकांच्या कोठडीत. नसतील तर बालगृहात, धाकट्या बहिणीजवळ. त्या धाकटीला दुसरं कुणीच नव्हतं.

अक्कलदाढेच्या मुळाचं टोक मिटलेलं दिसलं, वाढ संपलेली. म्हणजे अठरा पार. डॉक्टरांनी पेन उचललं, पण नजर हटेना. जबड्याच्या कडेला बारीक लाटा होत्या, वाऱ्यानं तळं शहारावं तशा. त्यांनी पलीकडच्या खोलीत एक्स-रे काढणाऱ्या बाईंना हाक मारली.

"अहो मशीनवाल्या बाई, पोरगी हलली का?"

"छे हो! खांबासारखी उभी होती. नुसती गुणगुणत होती."

"आणि तुम्ही गुणगुणू दिलंत?"

"मग काय करू? धाकटीनं दाराबाहेर भोकाड पसरलेलं. ताईचा आवाज थांबला की दार बडवायची. म्हटलं, ओठ तर मिटलेत!"

"ओठ मिटले तरी जबडा थरथरतो, बाई! मुळाची टोकं पुसली गेली सगळी!"

"ओरडू नका, परत काढते. पण त्या रडूबाईचं काय?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "तिलाच गुणगुणायला सांगा. ताई ऐकेल."

भिंतीपलीकडून एक बोबडा सूर आला. शब्द नाहीत, नुसतं हूं हूं. मशीन ताईच्या डोक्याभोवती सावकाश फिरत राहिलं, आणि डॉक्टरांना वाटलं, आपली खुर्चीच पाण्यात उतरतेय.

दुसरी फिल्म लागली. लाटा गेलेल्या. मुळाचं टोक सताड उघडं, अजून वाढायचं राहिलेलं.

त्यांनी लिहिलं: अठरा पूर्ण नसण्याचीच शक्यता जास्त.

"एवढंच? आकडा नाही?" बाई म्हणाल्या.

"दाढ याच्यापेक्षा जास्त बोलत नाही."

कोर्टानं तेवढं मानलं. दोघी बहिणी एकाच गाडीतून बालगृहाकडं गेल्या. एवढं ऐकलंत, आता माझंही एक ऐका: तिचं नेमकं वय तेवढं मला विचारू नका.